तांबड्या पाण्यातले खाणकामगार

स्पेनच्या दक्षिणेला वेल्वा प्रांतात रिओ तिंतो नावाची नदी वाहते. तिचे पाणी गडद तांबडे आणि लिंबाच्या रसाइतके आंबट असते. मासे त्यात जगत नाहीत. काठच्या डोंगरांत मात्र तांबे, चांदी आणि लोखंड-गंधकाचे माक्षिक खच्चून भरले आहे, म्हणून माणूस तिथे हजारो वर्षे खणत आला. तिथे खणणारे रोमन गेले, खाणी ओस पडल्या, आणि अठराव्या शतकात पुन्हा सुरू झाल्या. त्या वेळच्या खाणवाल्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती. खाणीतून पाझरणारे आंबट पाणी मोडीच्या लोखंडावरून वाहू दिले की लोखंड झिजत जाते आणि त्याच्या जागी तांब्याचा लालसर गाळ साचतो.

मोरचुदाच्या पाण्यात खिळा बुडवून हीच गंमत शाळेत दाखवतात. चीनमध्ये ती इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातच लिहून ठेवलेली आहे, आणि सोंग राजवटीत तर या पद्धतीने नाण्यांसाठी मोठ्या प्रमाणावर तांबे काढले जात होते.

लोखंड तांब्याला पाण्यातून बाहेर ओढते, एवढे सगळ्यांना दिसत होते. पण दगडातले तांबे मुळात पाण्यात उतरवत कोण होते? हा प्रश्न शेकडो वर्षे कुणाला पडला नाही, कारण हवा-पाण्याचा तो गुणच आहे असे सारे धरून चालले होते.

१८७३ मध्ये स्पॅनिश सरकारने रिओ तिंतोच्या खाणी एका ब्रिटिश कंपनीला विकल्या. कंपनीला घाई होती. खनिजाचे ढीग उघड्यावर रचून ते महिनोन्‌महिने धुमसत ठेवायचे, म्हणजे गंधक जळून जातो आणि तांबे लवकर हाती येते, ही पद्धत तिने प्रचंड प्रमाणावर वापरली. गंधकाच्या धुराने आसपासची शेते करपली आणि माणसांचा श्वास कोंडला. ४ फेब्रुवारी १८८८ रोजी खाणकामगार आणि शेतकरी एकत्र येऊन गावच्या चौकात जमले. मजुरीच्या मागण्या होत्याच, पण धूर थांबवा हीही मागणी होती. सैन्याने जमावावर गोळ्या झाडल्या. मृतांच्या आकड्याबद्दल आजही वाद आहे. तिथले लोक ते साल ‘गोळ्यांचे वर्ष’ म्हणूनच ओळखतात. पर्यावरणासाठी झालेल्या जगातल्या अगदी सुरुवातीच्या आंदोलनांत या दिवसाची गणना होते, आणि जिवाणूंच्या कुळकथेतही त्याला जागा द्यायला हवी. खनिज असे भाजण्याला पर्याय होता तो ढिगांवर पाणी सोडून वाट पाहण्याचा. त्याला वर्षे लागत, पण धूर होत नसे. जिवाणू नावाचे न दिसणारे कामगार त्याच ढिगांत राबत होते.

त्यांचा माग लागला तो खाणीपासून फार दूर, शेतीच्या प्रयोगशाळेत. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या रटगर्सच्या कृषी संशोधन केंद्रात सेल्मन वाक्समन आणि जेकब जॉफी मातीतल्या गंधकाचा अभ्यास करत होते. गंधक खाऊन गंधकाम्ल तयार करणारा आणि त्या आम्लातच सुखाने जगणारा एक जिवाणू त्यांनी १९२२ मध्ये जगापुढे मांडला. हेच वाक्समन पुढे स्ट्रेप्टोमायसिनसाठी नोबेलचे मानकरी ठरले. १९२२ मध्येच रुडॉल्फ्स आणि हेल्ब्रोनर या संशोधकांनी सूक्ष्मजीव जस्ताच्या सल्फाइडचेही विघटन करतात असे दाखवले आणि हलक्या प्रतीच्या खनिजासाठी हा मार्ग वापरता येईल, असेही सुचवले. कल्पना पूर्ण तयार होती. तरी पंचवीस वर्षे तिच्याकडे कुणी वळून पाहिले नाही.

पुढचा दुवा पुन्हा एका तक्रारीतून आला. अमेरिकेच्या ॲपलेशियन डोंगरांतल्या कोळसा खाणींमधून गंजाच्या रंगाचे आंबट पाणी ओढ्यांत उतरत होते. हवा आत जाऊ नये म्हणून सोडून दिलेल्या खाणींची तोंडे बंद करण्याचा सरकारी कार्यक्रमही १९३० च्या दशकात राबवून झाला होता. १९४७ मध्ये वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातले आर्थर कोल्मर आणि एम. ई. हिंकल यांनी दाखवले की हे निव्वळ रसायनशास्त्र नाही, त्या पाण्यात लोहावर जगणारे जिवाणू आहेत. केनेथ टेम्पल आणि कोल्मर यांनी १९५१ मध्ये त्यांतल्या एकाला थायोबॅसिलस फेरोऑक्सिडन्स हे नाव दिले. आज तो ॲसिडिथायोबॅसिलस या प्रजातीत गणला जातो.

त्याचे काम समजून घेण्यासारखे आहे. तो तांबे खात नाही. पाण्यातल्या फेरस लोहाचे फेरिक लोह करताना जी थोडी ऊर्जा सुटते तिच्यावर तो जगतो, आणि शरीर बांधायला लागणारा कार्बन हवेतून घेतो. तयार झालेले फेरिक लोह सल्फाइड खनिजावर तुटून पडते, धातू मोकळा करते आणि त्या झटापटीत पुन्हा फेरस होते. जिवाणू त्याला परत फेरिक करतो. चक्र चालू राहते. जिवाणू नसताना आम्लात हा बदल इतका रेंगाळतो की फिलिप सिंगर आणि वर्नर स्टम यांनी १९७० मध्ये जिवाणूंमुळे येणारा वेग दहा लाख पटींच्या घरात मोजला.

ओढ्यांचे वाटोळे करणारा हाच जीव कामाला लावता येईल, हे युटामधल्या बिंगहॅम कॅन्यनच्या प्रचंड तांब्याच्या खाणीत उमगले. तिथल्या पाण्यातल्या जिवाणूंवरचे संशोधन १९५४ मध्ये प्रसिद्ध झाले आणि १९५८ मध्ये केनेकॉट कंपनीने या पद्धतीचे पेटंट मिळवले. टाकाऊ म्हणून डोंगराएवढे रचलेले हलके खनिज आता जाणूनबुजून भिजवले जाऊ लागले. कॅनडाच्या एलियट लेक भागात युरेनियमसाठीही जिवाणू वापरले गेले. चिलीत लो आगिरे खाणीने १९८० पासून तांब्याचे ढीग शास्त्रशुद्ध रीतीने रचले, आणि ही पद्धत स्वतंत्र धंदा म्हणून उभी राहिली.

दक्षिण आफ्रिकेतल्या बार्बरटनजवळच्या फेअरव्ह्यू खाणीत १९८६ मध्ये जिवाणू ढिगातून टाकीत आले. तिथले सोने माक्षिकाच्या कणांत अडकलेले असते आणि सोने विरघळवणारे सायनाइड त्याच्यापर्यंत पोचत नाही. हवा फुंकलेल्या, ढवळत्या टाक्यांत जिवाणू ते कवच फोडतात. जनुकांना कुणी हात लावला नाही. जे भराभर वाढले ते टाकीत टिकले, बाकीचे वाहून गेले, आणि काही वर्षांतच कामाला लागणारा काळ पुष्कळ घटला. शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या चांगले बियाणे राखतो त्याच जातीचे हे काम आहे.

भारतात बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत के. ए. नटराजन यांनी हट्टीच्या सोन्याच्या खनिजावर अशाच टाक्यांचे काम केले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतही धातू मोकळे करणाऱ्या जिवाणूंचा अभ्यास झाला.

कचऱ्यातून धातू काढण्याचे ठळक उदाहरण युगांडातले आहे. किलेम्बेच्या तांब्याच्या खाणीने कोबाल्टयुक्त माक्षिकाचा ढीग कासेसे इथे टाकून दिला होता आणि त्यातून झिरपणारे आम्ल क्वीन एलिझाबेथ राष्ट्रीय उद्यानाकडे जात होते. १९९९ पासून तो ढीगच कच्चा माल झाला. कोबाल्ट मिळाले आणि विषाचा उगमही कमी होत गेला.

म्हणून ही पद्धत आपोआप स्वच्छ ठरते असे मात्र नाही. फिनलंडमधल्या तालविवारा खाणीत २००८ मध्ये जिवाणूंनी निकेल काढायला सुरुवात झाली. ढिगातली उष्णता इतकी की कडाक्याच्या थंडीतही काम चाले. जिवाणूंनी आपले काम चोख केले. पण नोव्हेंबर २०१२ मध्ये तिथल्या सांडपाण्याच्या तलावाला गळती लागली आणि धातूंनी भरलेले पाणी आसपासच्या जलाशयांत गेले. २०१४ मध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. पुढच्याच वर्षी टेराफेम या नव्या सरकारी कंपनीने खाण ताब्यात घेतली. ढीग तेच आहेत, जिवाणूही त्याच जातीचे. तिथे निघणाऱ्या निकेलचे सल्फेट आता विजेच्या गाड्यांच्या बॅटऱ्यांसाठी तयार केले जाते.