एर्रागड्ड्याच्या गोळ्या

1948 साली निजामाचे राज्य गेले, 1956 साली मराठवाडा हैदराबादेपासून तुटला. तरी आमच्या धर्माबादेकडे मोठे दुखणे म्हटले की हैदराबादच. 1962 साली आत्याला क्षयाने गाठले. बाबा तिला काचीगुड्याच्या गाडीने एर्रागड्ड्याच्या छातीच्या दवाखान्यात घेऊन गेले. मी आठ वर्षांचा, फाटकाबाहेर बसून होतो. माणसे तेलुगू, मराठी, दख्खनी बोलत. खोकला मात्र सगळ्यांचा एकच.

डॉक्टरांनी आयसोनियाझिडच्या गोळ्या आणि सोबत पास दिले. वर्षभर घरीच घ्या म्हणाले. आजीला ते पटेना. एवढे लांब जाऊन दवाखान्यात ठेवून घेत नाहीत म्हणजे काय! पण घरचा उपचारही आरोग्यधामाइतकाच गुणकारी ठरतो, हे मद्रासच्या क्षयकेंद्राने 1959 साली सिद्ध केले होते.

त्या गोळीची करामत मला फार उशिरा कळली. फुफ्फुसाच्या वायुकोशांत भक्षक पेशींचा पहारा असतो. जंतू गिळताना अशा पेशी एकाएकी जास्त प्राणवायू ओढतात, हे 1933 साली बाल्ड्रिज आणि जेरार्ड यांनी कुत्र्याच्या पांढऱ्या पेशींत पाहिले. गिळायला कष्ट पडतात म्हणून, असा पुढे बराच काळ समज होता. 1961 साली दिसले की त्या प्राणवायूचे हायड्रोजन पेरॉक्साइड होते. जखमेवर ओतले की फेसाळते, तेच. त्याच्याही आधीची पायरी, सुपरऑक्साइड, 1973 साली बॅबियर यांना सापडली.

क्षयाचा जंतू या माऱ्यातही तगतो, कारण त्याच्यापाशी कॅटॅलेज नावाचे विकर असते. ते पेरॉक्साइडचे पाणी करून टाकते. आणि गंमत इथेच आहे. आयसोनियाझिड मुळात निरुपद्रवी; जंतूचे हेच विकर तिचे विष बनवते आणि जंतूचे मेणचट कवच घडणेच थांबते. ज्या जंतूने विकर टाकून दिले तो गोळीतून सुटतो, पण पेरॉक्साइडपुढे बहुधा उघडा पडतो. मद्रासच्या रुग्णांतले बरेच जंतू तर ब्रिटिश जंतूंच्या मानाने पेरॉक्साइडला लवकर बळी पडत आणि गिनिपिगांत सौम्य ठरत, असे 1960 च्या सुमारास आढळले होते.

आत्याने वर्षभरात एक गोळी चुकवली नाही. 1963 च्या दिवाळीत ती चुलीपुढे करंज्या तळायला बसली, आणि आजीने गोळ्यांची रिकामी बाटली धुऊन तिच्यात वेलदोडे भरले.