कोवळ्या स्वारांचे जुने दंडक

अमेरिकेत घोड्यावरून अडथळे ओलांडायला शिकणाऱ्या अठरा वर्षांखालच्या मुलामुलींना एक ना एक दिवस मॅक्ले करंडकाचे स्वप्न पडतेच. 1933 पासून तो न्यूयॉर्कच्या नॅशनल हॉर्स शोमध्ये दिला जाऊ लागला. आता तो शो केंटकीतल्या लेक्सिंग्टनला भरतो, तरी करंडकाचा मान तसाच आहे. असा करंडक एखाद्या घोडदळाने किंवा कोल्ह्याची शिकार करणाऱ्या उमरावांच्या क्लबाने सुरू केला असेल, असे कोणालाही वाटेल. पण त्याच्या पाठीशी होती प्राण्यांवरील क्रौर्याला आळा घालणारी संस्था. अल्फ्रेड मॅक्ले तेव्हा तिचे अध्यक्ष होते. व्यवसायाने बँकर असलेल्या या गृहस्थांना नाद मात्र घोड्यांचा आणि फुलझाडांचा. (टॅलाहासीला त्यांनी लावलेली बाग आज फ्लोरिडा राज्याचे उद्यान आहे.)

ही संस्था हेन्री बर्ग यांनी 1866 साली न्यूयॉर्कमध्ये काढली. त्या काळचे न्यूयॉर्क घोड्याच्या जिवावर चाले. ट्रॅम, कोळसा, बर्फ, दूध, सगळे तोच ओढी आणि ओढता ओढता रस्त्यातच कोसळे. बर्ग भर रहदारीत उतरून गाडीवानाचा चाबूक अडवत आणि प्रवाशांनी खच्चून भरलेल्या ट्रॅम थांबवत. त्याच संस्थेने पुढे मुलांच्या घोडेस्वारीला आपले नाव द्यावे, यात मला या स्पर्धांच्या सगळ्या नियमांची किल्ली दिसते. आज चाबूक उगारणाऱ्याला दंड करता येतो. उद्या ज्यांच्या हाती लगाम येणार, त्यांचे हात मात्र लहानपणीच मऊ करावे लागतात. संस्थेच्या दुसऱ्या एका स्पर्धेचे नावच ‘गुड हँड्स’ होते.

मुलांचे हॉर्स शो तसे अलीकडचे, पण तिथले दंडक खूप जुने आहेत. घोड्यावर मांड टाकायची ती डावीकडून, हा अगदी पहिला धडा. मुंबईत महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर शिकणारे पोरही तोच गिरवते. उजव्या हाताने उपसायची तलवार डाव्या कमरेला लटकलेली असे, उजवीकडून चढले तर ती आडवी येई, असे कारण सगळीकडे सांगतात. पण इसवी सनापूर्वीच्या चौथ्या शतकात ग्रीक सेनानी झेनोफनने घोडेस्वारीवर जे लिहून ठेवले, त्यात स्वाराच्या हाती भाला आहे आणि तोही डावीकडूनच चढतो. झेनोफन उजवीकडूनही चढण्याचा सराव करायला सांगतो. रागाच्या भरात घोड्याला हात लावू नये, असेही तो बजावतो. हे दोन्ही सल्ले आजही तितकेच खरे आहेत, आणि दोन्ही तितकेच विसरले जातात.

रिंगणातले बाकीचे शिष्टाचार शिकारीच्या रानातून आले. इंग्लंड-आयर्लंडात शेकडो घोडी एका वेळी कुंपणे ओलांडत कुत्र्यांमागे धावत. तिथे एका स्वाराची बेपर्वाई दुसऱ्याच्या जिवावर बेते. लाथ मारण्याची खोड असलेल्या घोड्याच्या शेपटीला तांबडी फीत बांधायची, नवख्या घोड्याच्या शेपटीला हिरवी. घोडा कुंपणापाशी अडला की मुकाट्याने बाजूला होऊन मागच्याला वाट द्यायची. समोरून कोणी आले तर डावा खांदा डाव्या खांद्याकडे ठेवून जायचे. पुढच्या घोड्याच्या शेपटीला आपल्या घोड्याचे नाक भिडवायचे नाही. आज दहा वर्षांची मुलगी पोनीच्या शेपटीला तांबडी फीत बांधून रिंगणात येते आणि मागची मुले आपोआप अंतर ठेवतात. लाजण्यासारखे त्यात काही नाही. लाजायचे ते फीत न बांधणाऱ्याने.

शिकार चार भिंतींत आली ती बाजारासाठी. 1868 साली डब्लिनच्या रॉयल सोसायटीने आपल्या प्रदर्शनात उड्यांची चढाओढ ठेवली. शिकारीला कोणता घोडा उपयोगी पडेल हे गिऱ्हाइकाला दिसावे, हा हेतू. अमेरिकेत 1883 मध्ये नॅशनल हॉर्स शो सुरू झाला. पुढे गावोगावी शो निघाले आणि प्रत्येकाचे नियम वेगळे झाले. 1917 मध्ये रेजिनाल्ड व्हँडरबिल्ट यांच्या पुढाकाराने शो भरवणाऱ्यांची राष्ट्रीय संघटना झाली, आणि आजच्या जाडजूड नियमपुस्तकाचे मूळ तिथे आहे. तरी काही गोष्टी देशोदेशी जुळल्याच नाहीत. अमेरिकेत पहिल्या क्रमांकाला निळी फीत मिळते आणि दुसऱ्याला तांबडी. ब्रिटन-कॅनडात याच्या नेमके उलट.

या साऱ्या शोंत गुण मिळत ते घोड्याला. घोडा देखणा असावा, त्याची चाल सुरेख असावी, उडी गोल असावी. मुलांच्या स्पर्धेने हे उलटे केले आणि गुण स्वाराला द्यायचे ठरवले. इक्विटेशन म्हणतात तो हाच प्रकार, मॅक्लेही त्यातलाच. श्रीमंत बापाने महागडा घोडा घेऊन दिला म्हणजे झाले, असे होऊ नये यासाठी त्यात एक कठोर युक्ती आहे. परीक्षक आघाडीच्या स्वारांना घोड्यांची अदलाबदल करायला लावू शकतो. अनोळखी घोड्यावर बसायचे, त्याचा स्वभाव अंगाने ओळखायचा आणि तीच चाल पुन्हा करून दाखवायची. रिकिबी सोडून स्वारी करायलाही सांगतात. घोडेस्वारीच्या सगळ्या चाचण्यांत मला ही अदलाबदल सर्वांत न्याय्य वाटते.

सपाट रिंगणातली फेरी नीट पाहण्यासारखी असते. पुष्कळ मुले एकाच वेळी कडेकडेने फिरतात, परीक्षक मधोमध उभा असतो. हुकूम येतात, पावलांची चाल, दुडकी, कँटर म्हणजे संथ दौड. दुडकी चालताना घोड्याचा बाहेरच्या बाजूचा खांदा पुढे गेला की स्वाराने खोगिरातून उठायचे. कँटरमध्ये आतल्या बाजूचा पुढचा पाय आघाडीवर हवा. हे पाहायला मान खाली घातली की चूक परीक्षकाच्या डोळ्यांत भरते, कारण ते बुडाखालच्या हालचालीवरून कळायला हवे. टाच खाली आणि नजर पुढे हवी. कोपरापासून घोड्याच्या तोंडापर्यंत हात आणि लगाम यांची एकच सरळ रेष हवी. दोन घोड्यांत निदान एका घोड्याइतके अंतर ठेवायचे, पुढे जायचे तर आतल्या बाजूने आणि आधी आवाज देऊन. कोणी पडले की साऱ्यांनी जागच्या जागी थांबायचे. निकाल पटला नाही तरी आईबापांनी परीक्षकाकडे धाव घ्यायची नाही, जे सांगायचे ते नियमांवर देखरेख करणाऱ्या स्टुअर्डमार्फत. वयाचा हिशेबही गमतीचा आहे. घोड्याचे वय 1 जानेवारीपासून मोजतात, तर स्वाराचे 1 डिसेंबरला असेल ते वर्षभर धरतात.

कोपरापासून घोड्याच्या तोंडापर्यंतची ती सरळ रेष हे फेदेरिको काप्रिली या इटालियन घोडदळ अधिकाऱ्याचे देणे. त्याच्या आधी उडी मारताना स्वार मागे रेलत, पाय पुढे ताणत आणि तोल जाऊ नये म्हणून लगामावर लोंबकळत. उडीच्या ऐन क्षणी घोड्याच्या तोंडात लोखंड रुते आणि स्वाराचे सारे वजन त्याच्या पाठीवर आदळे. मग घोडा अडथळ्याला बिचकू लागला की त्याला हट्टी ठरवत. काप्रिलीने घोड्याला स्वाराशी जुळवून घ्यायला लावण्याऐवजी स्वारालाच घोड्याशी जुळवून घ्यायला लावले. त्याने रिकिबी आखूड केल्या, अंग पुढे झुकवले, बूड खोगिरातून उचलले आणि हात घोड्याच्या मानेबरोबर पुढे जाऊ दिला. 1902 मध्ये तुरीनला त्याने 2.08 मीटर उंच उडी घेऊन दाखवली. 1907 मध्ये घोड्यावरून पडून तो वारला, तेव्हा तो 39 वर्षांचा होता. पण तोवर परदेशी अधिकारी त्याची रीत शिकायला इटलीत येऊ लागले होते. अमेरिकेच्या हॅरी चेंबरलिन यांनी ती पुढे तिथे जाऊन आत्मसात केली. रशियन क्रांतीनंतर परागंदा झालेल्या व्लादिमिर लिटावर यांनी ती न्यूयॉर्कमध्ये शिकवली. मऊ हात म्हणजे काय, हे आता मुलाला अंगाने शिकवता येऊ लागले. मॅक्ले करंडक नेमका या काळात आला.

या मुलांच्या स्पर्धांचे वजन अचानक वाढले ते दुसऱ्या महायुद्धानंतर. 1948 च्या लंडन ऑलिम्पिकपर्यंत अमेरिकेचा घोडेस्वार संघ लष्करी अधिकाऱ्यांचा असे. मग घोडदळच मोडीत निघाले. आता स्वार आणायचे कोठून? ते इक्विटेशनच्या रिंगणातून आले. विल्यम स्टाइनक्राउस याने 1941 मध्ये मॅक्ले आणि गुड हँड्स दोन्ही जिंकले होते. पुढे तो सैन्यातून ब्रह्मदेशच्या आघाडीवर लढला, आणि 1968 मध्ये मेक्सिकोला ‘स्नोबाउंड’ नावाच्या घोड्यावर अडथळ्यांच्या शर्यतीत त्याने वैयक्तिक सुवर्णपदक मिळवले. या प्रकारात हा मान मिळवणारा तो पहिला अमेरिकन.

ब्रिटनने वेगळी वाट धरली, आणि ती मला अधिक जवळची वाटते. 1929 मध्ये तिथे पोनी क्लब निघाला. पोनीचे खूर साफ करणे, तिला पाणी-वैरण घालणे, खोगीर-लगाम तेल लावून ठेवणे, तिच्या पायाला ऊब आली असेल तर ओळखणे, हे सारे त्यात स्वारीइतकेच महत्त्वाचे. 1957 पासून प्रिन्स फिलिप कप सुरू झाला, तो महागड्या पोनी न परवडणाऱ्या मुलांच्या साध्यासुध्या पोनींसाठी. अमेरिकेतही 1954 मध्ये पोनी क्लब निघाला. त्याच्या मेळाव्यांत तबेल्याच्या कामाला गुण असतात आणि तिथे आईबापांना मदतीला येऊ देत नाहीत. मोठ्या शोंमध्ये मात्र मोतद्दार घोडा सजवून दारात आणतो, मूल चढते, फेरी करून उतरते आणि लगाम पुन्हा मोतद्दाराच्या हाती देते. अशी स्वारी कितीही रेखीव असली तरी मला ती अर्धीच वाटते.

पोशाखाच्या नियमात एक धागा आपल्याकडचा आहे. पोनीवर बसणारी लहान मुले गुडघ्यापर्यंतचे बूट घालत नाहीत. त्यांचा पोशाख म्हणजे घोट्यापर्यंतचे बूट, गुडघ्याखाली चामड्याचा बारीक पट्टा आणि जोधपुरी विजार. ही विजार 1897 मध्ये जोधपूरच्या सर प्रताप सिंह यांच्याबरोबर लंडनला पोहोचली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या साठाव्या वर्षाच्या सोहळ्यात. मांडीला सैल आणि पोटरीला घट्ट असल्याने तिच्यावर उंच बुटांची गरज पडत नाही. वाढत्या पायांसाठी दरवर्षी महाग बूट शिवून घेणे कोणाला परवडणार? पोलो खेळणाऱ्या राजपूत स्वारांची विजार विलायती पोरांच्या अंगावर बसली ती या साध्या सोयीमुळे.

डोक्यावरच्या टोपीची कथा इतकी सुखाची नाही. शिकारीची मखमली टोपी दिसायला रुबाबदार. जुन्या छायाचित्रांत हनुवटीचा पट्टा बहुधा नसतोच. घोड्यावरून पडलेल्या मुलाचे डोके तिने कितपत वाचणार? आज अमेरिकेत अडथळ्यांच्या स्पर्धांत उतरणाऱ्या अठरा वर्षांखालच्या स्वाराने शोच्या आवारात कुठेही घोड्यावर बसताना प्रमाणित हेल्मेट घालायचे आणि पट्टा बांधायचा, त्यात सवलत नाही. मोठी माणसे मात्र ड्रेसाजमध्ये, म्हणजे घोड्याच्या शिस्तबद्ध चालींच्या स्पर्धेत, उंच रेशमी हॅट मिरवत राहिली. 2010 मध्ये ऑलिम्पिक स्वार कोर्टनी किंग-डाय सरावात हेल्मेटविना पडल्या, त्यांच्या मेंदूला इजा झाली आणि त्या अनेक दिवस बेशुद्ध होत्या. त्यानंतर वारे फिरले. 2021 पासून आंतरराष्ट्रीय घोडेस्वारी महासंघाने सगळ्यांनाच हेल्मेट सक्तीचे केले. मुलांचा नियम मोठ्यांपर्यंत पोहोचला, पण फार उशिरा.

सर्वांत नवा दंडक मुलांना माणसांपासून वाचवण्यासाठी आहे. 1874 मध्ये न्यूयॉर्कमधल्या मेरी एलन या छळ होणाऱ्या मुलीच्या सुटकेसाठी एका समाजसेविकेने हेन्री बर्ग यांचे दार ठोठावले होते, कारण जनावरांसाठी संस्था होती, मुलांसाठी नव्हती. त्या प्रकरणातून मुलांच्या संरक्षणाची पहिली संस्था उभी राहिली. तरी घोडेस्वारीच्या जगात घोड्याच्या तोंडातल्या लगामाचे नियम झाले, शेपटीच्या फितीचे झाले, पण तबेल्यात मुलाजवळ एकट्या असलेल्या प्रौढाचा नियम व्हायला एकविसावे शतक उजाडले. अमेरिकेने 2018 मध्ये त्यासाठी कायदा केला. 2019 मध्ये जॉर्ज मॉरिस यांच्यावर, म्हणजे 1952 च्या मॅक्ले विजेत्यावर आणि तिथल्या सर्वांत नावाजलेल्या शिक्षकावर, अल्पवयीन व्यक्तीशी लैंगिक गैरवर्तन केल्यावरून कायमची बंदी आली. त्यांनी आरोप नाकारले, पण लवादाने बंदी कायम ठेवली. आता नियम असा आहे की प्रशिक्षक आणि मूल यांची एकांतातली भेट नको. शिकवणी इतरांना दिसेल आणि कोणालाही मधेच येता येईल अशीच झाली पाहिजे. मुलाला पाठवलेल्या संदेशात पालक किंवा दुसरा प्रौढ हवाच. स्पर्धेत उतरणाऱ्या प्रौढ सभासदालाही याचे प्रशिक्षण घेतल्याशिवाय रिंगणात येता येत नाही.