कबड्डी : वेगवान चढाईविरुद्धचा बचाव
संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाशी संलग्न असलेल्या यवतमाळ जिल्ह्यातील महाविद्यालयांत खेळल्या जाणाऱ्या कबड्डीत चढाई जास्तीत जास्त ३० सेकंदांची असते आणि चपळ चढाईपटूला रोखण्याचा मोठा भार कोपरारक्षकांवर, म्हणजे बचावफळीच्या दोन टोकांच्या खेळाडूंवर, पडतो. पुरुषांच्या मैदानात मध्यरेषेपासून ३.७५ मीटरवर असलेली निदानरेषा ओलांडून चढाईपटू बोनस रेषेकडे पाय टाकतो, तेव्हा त्याचा तोल क्षणभर एका पायावर येतो. नेमका तोच क्षण साधून कोपरारक्षक घोटा धरतो आणि हात गुंफलेली साखळी परतीची वाट अडवते. उतावीळपणे झेपावणारा रक्षक हकनाक गुण देऊन बसतो, म्हणून बळापेक्षा संयम हेच या बचावाचे मर्म मानावे लागते. मैदानात तीन किंवा त्याहून कमी रक्षक असताना केलेल्या यशस्वी पकडीला, म्हणजे ‘सुपर टॅकल’ला, एक जादा गुण मिळतो.