घरची मोटार आणि घरचा मिस्त्री

इतिहास म्हटला म्हणजे राजे, लढाया आणि तहनामे हींच आपल्या डोळ्यांपुढें उभीं राहतात. यंत्रांचा इतिहास लिहितांनाहि आपण यंत्र शोधलें कोणी आणि विकलें कोणी एवढेंच विचारतों. तें बिघडल्यावर कोणी उघडलें, कोणी पुसलें आणि कोणी पुन्हां चालू केलें, हें विचारण्याचें सहसा कोणास सुचत नाहीं. वास्तविक यंत्राच्या आयुष्याचा मोठा भाग शोधकाच्या किंवा विक्रेत्याच्या हातीं नव्हे, तर दुरुस्त करणाराच्या हातीं जातो. आपल्या मध्यम वर्गाच्या घरांत सुमारें चाळीस वर्षें नांदलेल्या एका मोटारीच्या निमित्तानें या उपेक्षित इतिहासाचें एक प्रकरण येथें मांडण्याचा विचार आहे. ती मोटार म्हणजे मुंबईस कुर्ल्याच्या कारखान्यांत तयार होणारी फियाट. पुढें जी पद्मिनी या नांवानें ओळखली गेली ती.

मोटारीच्या अगदीं आरंभीच्या काळांत मालकानें तिला हात लावावा अशी अपेक्षाच नव्हती. 'शोफर' हा शब्द मूळचा फ्रेंच असून त्याचा अर्थ भट्टी तापविणारा, म्हणजे वाफेच्या यंत्रावरील आगवाला, असा आहे. गाडी बाळगणारा श्रीमंत मागें बसे आणि हात काळे करण्याचें काम पुढें बसणाऱ्याकडे असे. ही चाल मोडली ती मुख्यतः अमेरिकेंत, हेन्री फोर्डच्या 'मॉडेल टी'नें. १९०८ सालीं ही गाडी निघाली तेव्हां तिची किंमत ८५० डॉलर होती. १९२५ च्या सुमारास ती ३०० डॉलरच्याहि आंत आली. आणि १९२७ मध्यें तिचें उत्पादन थांबेपर्यंत दीड कोटी गाड्या बाहेर पडल्या होत्या. तिच्या गिऱ्हाइकांत शेतकऱ्यांचा भरणा मोठा होता. त्यांच्या वस्तीपासून कारखाना दूर, आणि शोफर ठेवण्याची ऐपत नाहीं. म्हणून गाडीबरोबर मिळणारें पुस्तक प्रश्नोत्तररूपानें लिहिलेलें असे, आणि गाडी मालकच उघडणार हें त्यांत गृहीत धरलेलें असे. गाडीची रचनाहि त्यास अनुकूल होती. पेट्रोलला पंप नव्हता. तें टांकींतून केवळ उतारानें इंजिनाकडे येई. जो भाग मुळांतच नाहीं तो बिघडण्याची भीति नाहीं, असा तो सरळ व्यवहार होता.

मालकानें मिस्त्री व्हावें ही गोष्ट आपल्याकडेहि घडली, परंतु अगदीं निराळ्या कारणानें. अमेरिकेंत जें मोटारींच्या वैपुल्यानें घडविलें तें आपल्याकडे त्यांच्या दुर्भिक्षानें घडविलें.

सोलापूरचे उद्योगपति वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापिली. कुर्ल्याच्या कारखान्यांतून प्रथम अमेरिकेच्या क्राइस्लर कंपनीच्या गाड्या जोडून बाहेर पडूं लागल्या, आणि मग इटलीच्या फियाट कंपनीशीं करार झाला. १९५३ सालीं टॅरिफ कमिशननें या धंद्याची पाहणी केली. परदेशांतून आणलेले भाग नुसते जोडणाऱ्यांस या देशांत थारा नसावा, येथेंच भाग बनविण्याचा कार्यक्रम ज्यांच्याजवळ असेल त्यांनाच परवानगी मिळावी, असें धोरण त्यांतून ठरलें. १९२८ पासून मुंबईंत गाड्या जोडणाऱ्या जनरल मोटर्सनें १९५४ सालीं येथील काम आवरलें. मोटारी बनविणारे मुख्य कारखाने मग तीनच उरले: कलकत्त्याजवळ उत्तरपाड्यास हिंदुस्थान मोटर्स, मद्रासेस स्टँडर्ड, आणि कुर्ल्यास प्रीमियर.

फियाटची ११०० जातीची ही गाडी इटलींत १९५३ सालीं निघाली आणि पुढल्याच वर्षीं कुर्ल्यास होऊं लागली. तिच्या मायदेशीं यथाकाल नव्या गाड्यांनीं तिची जागा घेतली. कुर्ल्यास मात्र १९६४ सालीं आलेला नमुना थोडेफार फेरफार होऊन शतक पालटेपर्यंत चालू राहिला. करार संपल्यावर नांव बदललें. गाडी प्रथम प्रेसिडेंट झाली आणि १९७४ च्या सुमारास चितोडच्या राणीच्या नांवावरून पद्मिनी झाली. लोकांच्या तोंडीं ती अखेरपर्यंत फियाटच होती.

या धोरणाचे दोन परिणाम आपल्या विषयाच्या दृष्टीनें महत्त्वाचे आहेत. पहिला असा कीं, मोटार दुर्मिळ झाली. १९७० नंतरच्या दशकांत सबंध देशांत वर्षाला तयार होणाऱ्या मोटारींची संख्या ५० हजारांच्याहि आंत होती. पैसे भरून नांव नोंदवावें आणि वर्षानुवर्षें वाट पाहावी, हा क्रम ठरलेला होता. अशा रीतीनें मिळालेली गाडी कोणी पांच वर्षांत विकून टाकीत नसे; ती वीस-पंचवीस वर्षें घरांत राही, आणि म्हातारी झाली तरी तिला चालतें ठेवावेंच लागे. दुसरा परिणाम कमी लक्षांत येण्यासारखा, पण अधिक खोल आहे. गाडी फारशी बदलली नाहीं, म्हणून तिच्याविषयींचें ज्ञानहि शिळें झालें नाहीं. बापानें १९६६ सालीं जें शिकावें तें मुलास १९८६ सालीं उपयोगी पडावें, असें स्थैर्य यंत्रयुगांत क्वचितच लाभतें. घराण्यांत पाककृति उतरतात त्याप्रमाणें पाने, पकडी आणि त्यांच्या युक्त्या उतरल्या त्या यामुळेंच.

या विद्येचें स्वरूप काय होतें? चार सिलिंडरांचें, १०८९ घन सेंटिमीटरांचें तें इंजिन. झांकण उचललें कीं त्याचें प्रत्येक अंग दिसे आणि बहुतेक अंगांस हात पोंचे. ठिणगी वांटणाऱ्या डिस्ट्रिब्यूटरच्या झांकणाखालीं दोन लहान पॉइंट असत. त्यांच्यामधील फट अर्ध्या मिलिमीटरच्याहि आंत ठेवावी लागे. ती बिघडली म्हणजे गाडी सकाळीं खोकूं लागे. काचकागदानें पॉइंट घासून फट पुन्हां जुळविणें हा पहिला धडा. प्लग काढून त्याचा रंग पाहणें हा दुसरा. टोंक फिकट तपकिरी असलें तर प्रकृति उत्तम. काळी काजळी असली तर पेट्रोल जास्त जात आहे. पांढुरकें असलें तर कमी. आणि तेलकट ओलें असलें तर आंतील रिंगा झिजल्या असून आतां खर्चाची तयारी ठेवावयाची. वैद्यानें जीभ पाहून निदान करावें तसाच हा प्रकार होता. उन्हाळ्यांत बोरघाट चढतांना पेट्रोलची पंपांतच वाफ होई. पंप वाफ पुढें ढकलूं शकत नसे आणि गाडी वाटेंत बसे. अशा वेळीं पंपावर ओलें फडकें ठेवून स्वस्थ बसणें हाच उपाय. खंडाळ्याच्या वळणावर झांकणें उघडून उभ्या असलेल्या फियाटांची ओळ आणि पाण्याच्या तांब्यासह उतरलेलीं कुटुंबें ज्यांनीं पाहिलीं आहेत त्यांस हें अधिक सांगावयास नको.

आमच्या घरीं ही विद्या रविवारीं सकाळीं चाले. वडील जुनें धोतर नेसून अंगणांत वर्तमानपत्र पसरीत आणि काढलेला प्रत्येक स्क्रू क्रमानें त्यावर मांडीत. ब्रेकच्या नळ्यांत शिरलेली हवा काढावयाची म्हणजे दोन माणसें लागत. एक चाकाशीं, एक पेडलवर. आई पेडलवर बसे. गाडीखालून शब्द येत, "दाब. धर." मग चाकाजवळची बारीक चावी किंचित् सुटे, बुडबुड्यांसह तेल येई, चावी पुन्हां आवळली जाई. "अहो, सोडूं का आतां?" असें विचारल्याखेरीज आई पाय उचलीत नसे, कारण चावी आवळण्यापूर्वीं पाय उचलला तर गेलेली हवा पुन्हां आंत शिरणार हें तिला पक्कें ठाऊक होतें. गाडी दुरुस्त केल्याची वाहवा शेजारीं वडिलांची होई. सबंध कुटुंबाचा जीव ज्या ब्रेकवर, तो तिच्या पायाखालून नीट झाला आहे, हें कोणी बोलून दाखविल्याचें मला आठवत नाहीं.

दुसरी एक आठवण याहून बोचणारी आहे. एकदां वडिलांनीं डिस्ट्रिब्यूटर समूळ बाहेर काढला, पण तो कोणत्या दिशेस बसला होता त्याची खूण केली नाहीं. परत बसविल्यावर ठिणगी भलत्या क्षणीं पडूं लागली आणि गाडी बंदुकीसारखे बार काढूं लागली. दोन रविवार गेले. शेवटीं नाक्यावरील मिस्त्रीस बोलाविलें. त्यास अक्षरओळख नव्हती. त्यानें पहिल्या सिलिंडरचा प्लग काढून भोंकावर अंगठा ठेवला, गाडी वरच्या गिअरमध्यें टाकून आम्हांस हळूहळू ढकलावयास सांगितली, आणि अंगठ्यास हवेचा जोर लागतांच हात वर केला. अर्ध्या तासांत गाडी सुरू झाली. जातांना तो एवढेंच म्हणाला, "साहेब, खोलायच्या आधी खूण करून ठेवायची." त्या दिवशीं त्यास चहा मिळाला, पण तो बाहेर पायरीवर, आणि निराळ्या ठेवलेल्या कपांत.

त्या निराळ्या कपाचा इतिहास मोटारीपेक्षां फार जुना आहे. आपल्या समाजांत लेखणी आणि अवजार यांची फारकत शतकानुशतकें झालेली. गांवगाड्यांत नांगराचा फाळ सुधारावयाचा तो लोहारानें आणि गाडीचा कणा बसवावयाचा तो सुतारानें. त्याबद्दल बलुतें दिलें म्हणजे मालकाचें कर्तव्य संपे. यंत्र उघडण्याचें ज्ञान ज्याच्याजवळ, त्यास मान कमी. आणि ज्यास मान, त्यास तें ज्ञान नाहीं. फियाटनें ही भिंत एका बाजूनें थोडी फोडली. वकील, डॉक्टर, प्राध्यापक अशा माणसांनीं, ज्यांच्या आजोबांनीं कधीं हातोडा धरला नव्हता, हात काळे केले आणि त्यांत आनंद मानला. हें लहान परिवर्तन नव्हे. परंतु तें अर्धेंच राहिलें. रविवारचे काळे हात साबणानें धुतां येत. मिस्त्रीचे धुतां येत नसत. आपण करूं तेव्हां तो छंद, आणि त्यानें केलें तर तें हलकें काम, ही विसंगति आपल्या लक्षांत आली नाहीं. पुण्याच्या नाना पेठेंत सुटे भाग घेण्यासाठीं जातांना कोणता भाग घ्यावा हें आपण मिस्त्रीसच विचारीत असूं. आपल्या पुष्कळशा विद्येचा गुरु तोच होता. तो स्वतः बाराव्या-तेराव्या वर्षीं एखाद्या उस्तादाच्या हाताखालीं, शाळा सोडून, पाने उचलून देतां देतां शिकलेला असे. आपल्या मुलांनीं मात्र त्या वयांत पुस्तकेंच वाचावीं अशी आपण काळजी घेतली.

पुढील हकीकत थोडक्यांत सांगतां येईल. डिसेंबर १९८३ मध्यें मारुति ८०० आली. ती क्वचित् बिघडे, म्हणून ती उघडण्याचें कारणहि क्वचित् पडे. १९९५ पासून चार महानगरांत नव्या मोटारींस धूर शुद्ध करणारें उपकरण आणि शिसेंविरहित पेट्रोल आवश्यक झालें. २००० नंतर नियम आणखी कडक झाले, कार्ब्युरेटर गेला आणि पेट्रोलचें माप संगणक घेऊं लागला. यांत हळहळण्यासारखें कांहीं नाहीं. फियाटचा धूर आपल्याच मुलांच्या छातींत जात होता, आणि वर्षानुवर्षें गाडीची वाट पाहणें हें सुख नव्हतें. दुर्भिक्षाची स्तुति करण्याचा माझा हेतु मुळींच नाहीं.

परंतु यंत्र कठीण होणें निराळें आणि तें मुद्दाम बंद ठेवणें निराळें. ऑगस्ट २०१४ मध्यें भारतीय स्पर्धा आयोगानें चौदा मोटार कंपन्यांस मिळून सुमारें २,५४४ कोटि रुपये दंड केला. अस्सल सुटे भाग, दुरुस्तीचीं पुस्तकें आणि दोष ओळखण्याचीं उपकरणें बाहेरच्या स्वतंत्र कारागिरांस खुलीं मिळत नाहींत, असा आयोगाचा निष्कर्ष होता. दंडाचें प्रकरण पुढें अपिलांत गेलें. मूळ प्रश्न मात्र दंडापेक्षां मोठा आहे. अमेरिकेंत मॅसॅच्युसेट्स राज्याच्या मतदारांनीं २०१२ सालीं याच प्रश्नावर कौल देऊन, कंपनीच्या दुकानांस मिळणारी माहिती बाहेरच्या मिस्त्रीसहि मिळाली पाहिजे, असें ठरविलें. म्हणजे फोर्डनें जें पुस्तक गाडीबरोबर सहज हातीं दिलें होतें, तें मिळविण्यासाठीं शंभर वर्षांनंतर कायदा करावा लागला.

आपल्यापैकीं बहुतेकांस आतां गाडीखालीं जावयाचें नाहीं, आणि त्याची सक्तीहि कोणी करूं नये. या बंदिस्तपणाची खरी झळ आपणांस लागत नाहीं. आपण पैसे मोजून मोकळे होतों. ती लागते नाक्यावरील मिस्त्रीस, ज्याचा अंगठा अजूनहि सिलिंडरचा जोर ओळखतो, पण ज्याच्यापुढें गाडीचा संगणक मुका राहतो. ज्याच्या पायरीवरील ज्ञानावर आपण चाळीस वर्षें गाड्या चालविल्या, त्यास तें यंत्र उघडण्याचा हक्क मिळावा म्हणून बोलणें, ही जुन्या ऋणाची फेड आहे. 'दुरुस्तीचा हक्क' हे शब्द आतां आपल्याकडेहि ऐकूं येतात. ते केवळ ग्राहकाच्या सोयीसाठीं वापरले जाऊं नयेत, एवढीच अपेक्षा आहे.

मुंबईंत टॅक्सी म्हणून नोंदलेली शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ रोजीं रस्त्यावर आली होती. टॅक्सीस वीस वर्षांची मुदत असल्यानें ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती काळी-पिवळी शहरांतून दिसेनाशी झाली. तिच्यावर पुष्कळांनीं प्रेमानें लिहिलें, आणि तें योग्यच झालें. तिला चालती ठेवणाऱ्यांविषयीं मात्र फारसें कोणी लिहिलें नाहीं. आमच्या वडिलांच्या पेटींत अजून एक पाना आहे. डिस्ट्रिब्यूटरच्या त्या प्रकारानंतर ते कांहींहि उघडण्यापूर्वीं खडूनें खूण करीत. पान्याच्या मुठीवर त्या खडूचा पांढरा डाग राहिला आहे. ती संवय कोणाकडून आली हें त्यांनीं कधीं सांगितलें नाहीं, म्हणून येथें नमूद करून ठेवलें आहे.