राजा घडवणारा दगड

स्कॉटलंडच्या पश्चिमेला, किलमार्टिनच्या खोऱ्यातल्या दलदलीतून डनॅड नावाची एक खडकाळ टेकडी वर आली आहे. तिच्या माथ्याजवळच्या कातळावर एका पावलाचा ठसा कोरलेला आहे. सातव्या शतकात इथे दाल रियाता या गेलिक राज्याचं ठाणं होतं. पूर्वेला पिक्ट, दक्षिणेला क्लाईडकाठचे ब्रिटन आणि त्यांच्याही पुढे नॉर्थंब्रियाचे अँग्ल, असे त्याचे शेजारी. 683 मध्ये डनॅडला वेढा पडला आणि 736 मध्ये पिक्टांचा राजा ओएंगस याने ते जिंकून घेतलं. नव्या राजाने या ठशात पाऊल ठेवून राज्य स्वीकारायचं, असा तिथला विधी असावा, असं बहुतेक अभ्यासक मानतात.

या विधीचं मूळ आयर्लंडच्या राजकल्पनेत सापडतं. तिथे राज्यारोहण म्हणजे राजाचं भूमीशी लग्न. राजा न्यायाने वागला तर शेतं पिकतात, गाईंना दूध येतं. तो खोटा निघाला तर दुष्काळ पडतो. हा संबंध जोडायचा तर राजाचा स्पर्श भूमीलाच व्हायला हवा. खरा राजा वर उभा राहताच ओरडणाऱ्या, आयर्लंडमधल्या तारा या ठिकाणच्या लिया फाल या शिळेची दंतकथा याच श्रद्धेतून आली.

ख्रिस्ती धर्म आला, तरी दगड बाजूला पडला नाही. 574 मध्ये संत कोलंबाने आयोना बेटावर एडान मॅक गाव्रान याच्या डोक्यावर हात ठेवून त्याला दाल रियाताचा राजा केलं, असं कोलंबाचा चरित्रकार अडोमनान सांगतो. धर्मगुरूचा आशीर्वाद जुन्या विधीला येऊन मिळाला. पुढे गेल आणि पिक्ट यांचं राज्य एक झालं आणि राज्यारोहणाची जागा पूर्वेला, स्कूनला गेली. 1249 मध्ये सात वर्षांच्या तिसऱ्या अलेक्झांडरला तिथल्या शिळेवर बसवलं, तेव्हा एका गेलिक भाटाने पुढे येऊन त्याची वंशावळ पिढ्यान् पिढ्या मागे नेत म्हणून दाखवली.

त्या शिळेलाही लोकांनी मोठं कुळ दिलं. बायबलमधल्या याकोबाची ही उशी. ती इजिप्त, स्पेन, आयर्लंड असा प्रवास करत आली, असं सांगत. भूशास्त्राने मात्र तिचं माहेर स्कूनजवळच शोधलं आहे. 152 किलोंचा हा वालुकाश्म त्याच परिसरातला. मला तिचं हे खरं कुळ दंतकथेहून मोलाचं वाटतं. ज्या भूमीशी राजाला बांधायचं, तिचाच हा तुकडा होता.

1296 मध्ये इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डने स्कॉटलंड जिंकलं, शिळा उचलून वेस्टमिन्स्टरला नेली आणि लाकडी सिंहासनात बसवली. तरीही मार्च 1306 मध्ये रॉबर्ट ब्रूस स्कूनलाच राजा झाला. राजाला आसनावर बसवण्याचे मानकरी फाइफचे सरदार. त्या घराण्याची लेक इझाबेला नवऱ्याचा पक्ष सोडून आली आणि तिने तो मान पार पाडला. एडवर्डने त्याची शिक्षा म्हणून तिला बेरिकच्या किल्ल्यात पिंजऱ्यात कोंडलं. शिळा त्याच्या ताब्यात होती, तरी या बाईच्या कृतीची त्याला धास्ती वाटली.

आयर्लंडमध्येही असाच विधी होता. तिथे टलीहोगला ओनील घराण्याच्या प्रमुखांचं दगडी आसन होतं. ओकॅहन आणि ओहेगन ही तिथली मानकरी घराणी. 1602 मध्ये इंग्रज सेनानी माउंटजॉय याने ते आसन फोडलं. 1607 मध्ये ओनील घराण्याचा प्रमुखही देश सोडून गेला आणि तो विधी संपला.

स्कूनची शिळा 1996 मध्ये स्कॉटलंडला परतली. सातशे वर्षं ती दूर होती. पण ती नसतानाही ब्रूस राजा झाला, कारण त्याला बसवणारे मानकरी आणि मान्य करणारी माणसं तिथे होती. दगडाला राजा घडवण्याची ताकद त्यांनीच दिली होती.