फॉस्टर केअर अचानक थांबले, तर कारण कसे शोधावे?

फॉस्टर केअर म्हणजे प्रतिपालकत्व: मूल दत्तक न घेता काही काळासाठी आपल्या घरी वाढवणे. बाल न्याय कायदा 2015 च्या कलम 44 मध्ये त्याची तरतूद आहे. मूल कोणत्या कुटुंबात ठेवायचे हे बालकल्याण समिती ठरवते आणि दर महिन्याला कुटुंबाची पाहणी होणे अपेक्षित असते. मुलाचे शिक्षण, आरोग्य आणि आहार ही जबाबदारी कुटुंबाची. मुदत संपण्याआधी, काही तयारी न होता मूल त्या घरातून गेले, तर 'असे का झाले' हे पाहणे गरजेचे असते. इंग्लंडमध्ये यासाठी सर्व संबंधितांची वेगळी बैठक घेण्याची पद्धत आहे. दोषी शोधणे हा तिचा हेतू नसतो. पुढच्या घरी तेच होऊ नये, म्हणून ती घेतात.

आजार नजरेतून सुटला का?

रोडपालीतील माझ्या दवाखान्यात नऊ वर्षांच्या एका मुलाला आणले होते. (ओळख कळू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) रोज रात्री अंथरूण ओले होई, उशीखाली चपात्या सापडत, रागावले की तो वस्तू फेकी. मी दोनदा लघवी तपासली, साखर पाहिली, सर्व नॉर्मल. तिसऱ्या भेटीत पोट तपासले तेव्हा आतडे कडक शौचाने भरलेले लागले. शाळेतल्या संडासात जायला तो घाबरत असे, म्हणून शौच दाबून ठेवी. भरलेल्या आतड्याचा मूत्राशयावर दाब पडतो आणि झोपेत लघवी होते. औषध सुरू केले, पण तोवर पाच महिने रोज चादरी धुऊन घर थकले होते. पुढच्याच आठवड्यात मूल परत गेले. पोटावर हात पहिल्या भेटीतच ठेवायला हवा होता, हे मला मान्य आहे.

म्हणून आढावा घेताना आधी शरीराकडे पाहा. बद्धकोष्ठता, जंत, रक्त कमी असणे, कमी ऐकू येणे, चष्म्याची गरज, फिट्स, झोपेत घोरणे. कमी ऐकू येणारे मूल 'उद्धट' ठरते, हे मी अनेकदा पाहिले आहे. अन्न लपवणे ही चोरी नव्हे. उपाशी राहिलेल्या मुलाची ती सवय असते आणि डब्यात खाऊ कायम हाताशी ठेवला की बहुधा हळूहळू कमी होते.

घरात त्या काळात काय घडले?

एका कागदावर तारखा मांडा. मूल कधी आले, शाळा कधी बदलली, जन्मदात्या आईची भेट कधी झाली, त्रास कोणत्या आठवड्यात वाढला. भेटीनंतर दोन दिवस चिडचिड होत असेल, तर तो स्वभाव नव्हे, विरहाचे दुःख आहे. पालकांची तब्येतही लिहा: आईची झोप, नैराश्य, घरातले आजारपण, स्वतःच्या मुलाची परीक्षा. मदत कधी मागितली आणि ती कधी मिळाली, हेही. 'आम्ही कमी पडलो' एवढ्यावर थांबलात, तर पुढच्या कुटुंबाला काहीच कळत नाही.

मारहाण किंवा लैंगिक त्रासाची शंका असेल, तर घरगुती आढावा घेत बसू नका. लगेच 1098 वर कळवा.

मुलाला काय सांगावे?

'तू त्रास दिलास म्हणून' असे कोणीही म्हणू नये. 'तुला जी मदत हवी होती ती आम्हा मोठ्यांना वेळेत देता आली नाही,' हे खरे आहे आणि मुलाला समजते. त्याचे म्हणणेही विचारा. उत्तर आठवड्याभराने येऊ शकते. पहिल्या महिन्यात झोप, भूक, बोलणे यांवर लक्ष ठेवा. स्वतःला इजा करणे, मरणाची भाषा, खाणे पूर्ण बंद यांपैकी काही दिसले तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. टेलिमानसचा 14416 हा क्रमांक चोवीस तास मोफत आहे.

औषधे आणि फाईल

फिट्सचे औषध एकदम तुटले तर फिट येऊ शकते, म्हणून मुलासोबत किमान पंधरा दिवसांची औषधे द्या. लसीकरण कार्ड, चिठ्ठ्या, तपासण्या आणि तारखांचा तो कागद एका फाईलमध्ये घालून जिल्हा बाल संरक्षण कक्षाकडे सोपवा. रायगड जिल्ह्याचे मुख्यालय अलिबागला आहे. पनवेलहून जाण्याआधी फोन करून कागदपत्रे विचारून घ्या. फाईलची एक झेरॉक्स स्वतःकडे ठेवा. नवे कुटुंब बऱ्याचदा महिन्याभराने फोन करते आणि पहिला प्रश्न असतो, 'रात्री दिवा लावून झोपतो का?'