‘प्रे’ ते ‘प्लीज’ : इंग्रजी विनंतीची बदलती रीत

शेक्सपिअरकालीन इंग्रजीत साहाय्य मागणारा बहुधा स्वतःच्या याचनेचाच उच्चार करी. ‘आय प्रे यू’ म्हणजे मी आपणांस विनवितो. ‘आय प्रे दी’चे झिजलेले रूप ‘प्रिदी’. पुढे त्यांची जागा ‘प्लीज’ने घेतली. हा शब्द ‘इफ इट प्लीज यू’, म्हणजे आपली मर्जी असल्यास, या धाटणीच्या पदबंधाचा अवशेष होय. फ्रेंच ‘सिल व्हू प्ले’ची घडणही तीच. विनंतीचा भर याचकाच्या आर्जवाकडून दात्याच्या इच्छेकडे सरकला.

‘कुड यू’सारखी प्रश्नरूप विनंती त्याहून अर्वाचीन. कल्पेपर व डेमेन यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तिचा उदय एकोणिसाव्या शतकातील व्यक्तिवादाशी जोडला आहे. सॅम्युअल स्माइल्सचे ‘सेल्फ-हेल्प’ १८५९ चे. स्वावलंबन हा सद्गुण ठरल्यावर दुसऱ्याकडे मदत मागणे हे अतिक्रमण वाटू लागले, असे यावरून म्हणता येईल.

नकाराची रीत मात्र जुनीच. ‘द मेरी वाइव्ज ऑफ विंडसर’मध्ये (प्रथम मुद्रण १६०२) भोजनास बोलावलेला स्लेंडर पुनःपुन्हा आभार मानून नकार देतो आणि अखेर आत जातोच! हा आग्रह मराठी वाचकास परका वाटू नये.

मराठीत आर्जव क्रियापदाच्या रूपातच वसते : ‘द्याल का’, ‘द्यावे’. म्हणून ‘कृपया’ बोलण्यात फारसा रुळला नाही. ‘प्लीज’ म्हणजे ‘कृपया’ एवढेच शिकलेल्या विद्यार्थ्याचे ‘प्लीज गिव्ह मी’ व्याकरणशुद्ध असूनही इंग्रज श्रोत्यास आज्ञेसारखे भासू शकते. कारण ‘मर्जी असल्यास’ हा मूळ अर्थ झिजला असून त्या वाक्यात नकारास जागा उरलेली नसते.